कार्मेलिना मावशीची ओ

ही गोष्ट खरी आहे.

या पेजवर प्रत्येकजण असंच म्हणतो, मला ठाऊक आहे. मीही असल्या गोष्टी वाचतो आणि अर्ध्यावर हसून सोडून देतो. तुम्हीही हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे.

जागा मालवणची. मालवणहून तारकर्लीला जाताना जमीन निमुळती होत जाते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माड आणि घरं. त्यातलं एक घर माझ्या कार्मेलिना मावशीचं. दिवस गेल्या पावसाळ्यातले, नारळी पौर्णिमेच्या आधीचे. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. पर्यटक नाहीत. गाव सुस्त पडलेलं.

आणि वेळ दुपारची.

रात्रीची वाट बघत बसू नका. जे झालं ते भर दुपारी झालं, जेवणाचं ताट समोर असताना.

जेरी हा मावशीचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ. त्याचे वडील, फ्रान्सिस काका, तो शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मायलेक दोघंच. घराच्या दोन खोल्या जेरी पर्यटकांना देतो, मावशी त्यांना मासळीचं जेवण घालते. पावसाळ्यात हाताला काम नसतं. तेव्हा जेरीला एकच वेड.

एक जुना कॉम्प्युटर गेम.

नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातला एखादा शहाणा आत्ताच उतरवून घेईल.

गेम साधा आहे. तुम्ही वरून बघता, आभाळातून बघावं तसं. खाली इवलीशी माणसं असतात. एखाद्याला माउसने टिचकी मारली की ते माणूस ओ देतं. मग तुम्ही झाड दाखवा, ते जाऊन झाड तोडतं. पाणी दाखवा, ते मासळी आणून कोठारात टाकतं. तुम्ही थांब म्हणेपर्यंत ते थांबत नाही. त्या लाकडावर, मासळीवर तुम्ही किल्ले बांधायचे आणि लढायचं.

ज्या कंपनीने हा गेम काढला ती कधीच बुडाली. पण चाहत्यांनी गेम मरू दिला नाही. कोणी तो नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा केला, कोणी नवे किल्ले घातले, कोणी नवी माणसं. याला मॉड म्हणतात. जगात कुठे कुठे बसलेली माणसं, एक पैसा न घेता, वर्षानुवर्षं हे करत असतात. त्यांच्या मायेला तोड नाही.

हा 'माया' शब्द मी वाईट अर्थाने लिहीत नाहीये. पण तिचं पुढे काय झालं ते वाचा.

जेरीने त्या गेमचा मालवणी मॉड केला. पाण्यातला किल्ला, माड, कौलारू घरं, इगर्ज म्हणजे आमचं चर्च. आपलाच गाव त्याने हुबेहूब काढला. खाडी जिथे वळते तिथेच वळवली. स्वतःच्या घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, काढलं, खळ्यातला फणस काढला. कोठार कुठेतरी ठेवायला हवं होतं, ते त्याने फणसाखाली ठेवलं.

राहिले आवाज. माणसं मालवणीत बोलायला हवीत.

पुरुषांचा आवाज शेजारच्या गुरुप्रसादने दिला. हा गावचे नारळ पाडायचा. गळा असा की एका माडावरून हाक मारली की खाडीपलीकडे ऐकू जाई. बाईच्या आवाजासाठी जेरी मासे विकणाऱ्या शेवंतीकडे गेला. ती डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "मी नाय ओ देवची."

"गो शेवंती, नुसती ओ तर म्हणूची आसा."

"तांच. कोण हाक मारतलो, खंयसून मारतलो, माका ठावक नाय. न बघता ओ देवक मी काय खुळी आसय?"

आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून हाक आली आणि माणूस दिसत नसेल, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली तर ती माणसाची. पहिली हाक आपली नसते, असं म्हणतात. हिंदू घरात पाळतात, मुसलमान घरात पाळतात, आणि फादर कितीही ओरडले तरी आमच्या घरातही पाळतात.

जेरी हसला. घरी येऊन त्याने शेवंतीची नक्कल केली. मावशीही हसली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "माका सांग, काय बोलूचा ता. मी देतंय तुका."

लेकासाठी ती विहिरीत उडी मारायलाही तयार झाली असती. ही तर नुसती ओ होती.

डोक्यावरून गोधडी घेऊन, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, मायलेकांनी फोनवर तिचा आवाज भरला. टिचकी मारली की ती म्हणायची, "ओ! काय रे झिला?" काम सांगितलं की म्हणायची, "येतंय, येतंय!"

मॉड इतका चालला की जेरीला स्वतःलाच खरं वाटेना. ब्राझीलची पोरं, पोलंडची पोरं, कोरियाची पोरं. अर्थ कळत नव्हता, पण सगळ्यांना मावशी आवडली. 'झिला', म्हणजे लेकरा, हा शब्द त्यांच्यात टोपणनावासारखा फिरू लागला. काम नसलं तरी नुसती तिची ओ ऐकायला लोक तिला टिचक्या मारत बसायचे.

मी बोटीवर काम करतो. जेरीने माझ्या लॅपटॉपवरही तो टाकून दिला होता. भर समुद्रात घरची आठवण आली की मी लावायचो.

मग तो श्रावण आला.

गुरुप्रसाद जेवायला बसला होता. त्याची बायको समीक्षा भात वाढत होती. खाता खाता त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली...

"ओ!"

समीक्षाने नंतर रडत रडत जेरीला सांगितलं ते असं. "माका वाटला, कोणतरी इलो. भायर बघलंय तर कोण नाय. मी म्हटलंय, कोणाक ओ दिलास? तर बोललोच नाय. कोयतो घेतल्यान आणि गेलो. हातसुदीक धुवूक नाय."

तो गेला ते थेट समुद्राकडच्या सुरूच्या बनात. आणि झाडं तोडू लागला.

एक पडलं की दुसरं. दुसरं पडलं की तिसरं. लोक जमले, ओरडले, दोघांनी मागून धरलं. त्याने दोघांनाही झटकून टाकलं. तळहात फुटून कोयत्याची मूठ लाल झाली होती. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. राग नाही, दुखणं नाही.

छाती फुटेपर्यंत तो तोडत राहिला. शेवटचं झाड अर्धं कापलेलं तसंच उभं होतं.

गावात ज्याला जे सुचलं ते त्याने म्हटलं. डोक्यावर परिणाम झाला. कोणाच्या वाटेत पाय पडला. जेरीनेही खांदा दिला, घरी आला, अंघोळ केली आणि मन रमवायला लॅपटॉप उघडला.

चाहत्यांच्या ग्रुपवर तक्रारींचा ढीग पडला होता. तक्रार एकच. मॉडमधले पुरुष मुके झालेत.

जेरीने गेम लावला. लाकूडतोड्याला टिचकी मारली...

काहीच नाही.

पुन्हा मारली. लाकूडतोड्या मान वर करून नुसता उभा राहिला. आवाजाची फाईल जागेवर होती. उघडली तर चालतही होती. पण आत गुरुप्रसाद नव्हता. वाऱ्याची घरघर होती आणि माणसाच्या जागी शांतता.

जगभरच्या कॉम्प्युटरवर, त्याच दुपारपासून.

जेरीने फाईल पुन्हा लावली, पुन्हा तेच. पण माणूस आपल्या मनाची समजूत घालण्यात वस्ताद असतो. बिघाड असेल, म्हणाला. माउस हळूच सरकवला आणि खाडीकाठी बसलेल्या बाईला टिचकी मारली.

"ओ! काय रे झिला?"

तिचा आवाज होता. जेरीने सुटकेचा श्वास सोडला.

आणि मागे, पडवीतून, तिने पुन्हा एकदा म्हटलं...

"ओ!"

तो उठून बाहेर गेला. मावशी केरसुणीसाठी झावळाचे हीर काढता काढता थांबली होती आणि वर कौलांकडे बघत होती. "तू हाक मारलंस?" तिने विचारलं. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, मग भास झाला असेल, आणि पुन्हा हीर काढू लागली.

त्याने तिला कुठे जायला सांगितलं नव्हतं, म्हणून ती उठली नाही. हे त्याला तेव्हा कळलं नाही.

दोन-चार दिवस गेले. दुपारी जेवून जेरी आडवा झाला होता. पडवीत मावशीची सुरी झावळावरून फिरत होती, कर्र कर्र. हा आवाज ऐकत तो लहानाचा मोठा झाला. त्या आवाजावरच त्याला झोप लागते.

त्याला जाग आली ती आवाजाने नाही. आवाज थांबला म्हणून.

पडवीत सुरी पडलेली होती. अर्धा हीर तसाच. मावशी नव्हती.

"माय?"

चुलीजवळ नाही. विहिरीवर नाही. तो खळ्यात आला.

फणसाखाली ओल्या तिसऱ्यांचा ढीग होता. चिखलाने माखलेल्या शिंपल्या, ताज्या, अजून पाणी गळत असलेल्या. खाडीच्या वाटेवर ओल्या पावलांची रांग. जाणारी, येणारी, जाणारी, येणारी.

फणसाखाली कधीच काही ठेवत नसत. तिथे फक्त गेममध्ये कोठार होतं. आणि मावशीने गेमचा तो गाव कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

जेरी धावला. पावसाळ्यातली खाडी, भरतीची वेळ, पाणी लाल आणि फुगलेलं. मावशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. वाकत होती, हाताने तळ चाचपत होती, ओटीत भरत होती. वाकली की तिचं डोकं पाण्यात जाई. मग वर येई. मग पुन्हा आत.

"माय! माय गो!"

त्याने तिला मिठी मारून ओढलं. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये मिसाला खुर्चीवर बसणारी. तिने त्याला एका हाताने ढकललं. तो पाण्यात पडला. पुन्हा उठला, पुन्हा धरलं, रडत, देवाचं नाव घेत. ती पुढेच जात होती.

"येतंय, येतंय," ती म्हणत होती. त्याच्याशी नाही.

मग एकाएकी ती सैल पडली. जणू कोणाचं तरी तिच्याकडचं लक्ष उडालं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली.

घरी कोरडी होऊन, कॉफी पिऊन ती बोलली ते जेरी कधी विसरणार नाही.

"हाक नाय रे ती. हाक असती तर मी ओ दिलय नसती, माका रीत ठावक आसा. कोणतरी बोट लावता. हंय." तिने टाळूवर हात ठेवला. "वरसून. हळूच. आणि बोट लागला काय तोंडातसून ओ आपोआप भायर पडता. मगे पाय माझे रवनत नाय."

"कोण आसा वर?"

"माका काय ठावक? पण वायट नाय हां जेरी. लाड केल्यासारखो बोट लावता. म्हणान तर भय वाटता."

त्या संध्याकाळी जेरीने मॉड काढून टाकला. मूळ पानच पुसलं. ग्रुपवर लिहिलं, कृपा करून आपापल्या प्रती पुसा, माझ्या आईच्या जिवाचा प्रश्न आहे.

उत्तरं आली. शेकडो. लाल बदामांची रांगच्या रांग.

काळजी करू नकोस, आम्ही तुझा मॉड मरू देणार नाही. आम्ही सगळीकडे प्रती ठेवल्या आहेत. तुझी आई आजारी आहे हे ऐकून वाईट वाटलं. तिचा आवाज आम्ही कायम जिवंत ठेवू.

आज आम्ही सगळे तिच्यासाठी खेळणार आहोत.

जेरी ओरडला, अक्षरशः स्क्रीनवर ओरडला. खोलीचं दार ओढून मावशीला आत कोंडलं आणि बाहेर दाराला पाठ लावून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारभर आतून तिचा आवाज येत राहिला. "ओ... ओ... काय रे झिला... येतंय, येतंय... ओ..." आणि दारावर तिच्या नखांचा आवाज. आपल्याकडे दुपार असते तेव्हा कोरियाकडे संध्याकाळ असते. ऑफिसं सुटलेली असतात. पोरं निवांत गेम लावून बसतात.

फादर येऊन प्रार्थना करून गेले. मालवणच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. ती झोपेत चालली, एवढाच फरक.

शेवटी जेरी शेवंतीच्या दारात गेला. तिने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं, तो म्हणतो.

"दिलेली ओ परत येना नाय, झिला," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, तेच्यावर दुसऱ्या कोणाची ओ पडाक व्हयी. मगे पयलो सुटता."

"आणि दुसरो?"

शेवंती पाटी उचलून आत गेली.

जेरीने गोधडी काढली. मावशीला कळलं. ती त्याच्या हातातून फोन हिसकावू लागली.

"माझ्या जाग्यार तू? मी म्हातारी आसय रे, माका जावंदे."

"मी दांडगो आसय माय. माका थांबाक येतला."

"गुरुप्रसाद तुझ्यापरीस दांडगो होतो."

पण तो गोधडीखाली गेला. "ओ," म्हणाला. "येतंय," म्हणाला. पुरुषांसाठी आणि बायकांसाठी, सगळ्यांसाठी तोच आवाज. नवीन व्हर्जन म्हणून ग्रुपवर टाकलं, मुके पुरुष दुरुस्त केले असं खाली लिहिलं. लोकांना केवढा आनंद झाला! हा परत आला, म्हणाले. बायका पुरुषी आवाजात बोलतात म्हणून खदखदून हसले, आणि भराभर उतरवून घेतलं.

मावशी सुटली.

सकाळी उठून तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. दुपारी पडवीत सुरी पुन्हा झावळावरून फिरू लागली, कर्र कर्र. जेरी तो आवाज ऐकत बसला. आयुष्यात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि मग टाळूवर...

अगदी हलकं. फुलपाखरू बसावं तसं.

"ओ," जेरी म्हणाला.

त्याने ओठ मिटले होते, तो शपथेवर सांगतो. दात आवळले होते. तरी ओ बाहेर पडली. हाताने कोयता कधी उचलला ते त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सुरूच्या बनात गुरुप्रसादने अर्धवट सोडलेलं झाड तो तोडत होता आणि मावशी त्याच्या पायाला मिठी मारून फरफटत होती.

तरी तो वाचला. का, ते माहीत नाही. तिकडे कोणाचं तरी जेवण झालं असेल, कोणाला आईने हाक मारली असेल.

आता वाटेल, निदान मावशी तरी सुटली.

तसं नाही.

ग्रुपवर 'ओल्ड अँकर' नावाचा एक आहे. कोण, कुठला, कोणाला ठाऊक नाही. त्याने लिहिलं, नवीन आवाजात जीव नाही. जुन्या बाईच्या आवाजात जीव होता. मी जुनं व्हर्जन जपून ठेवलंय, ज्याला हवं त्याने न्यावं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याने दोन्ही एकत्र केले. त्याच्या मॉडमध्ये पुरुष जेरीच्या आवाजात ओ देतात आणि बायका मावशीच्या.

मायलेकाची जोडी. लोकांना फार आवडली.

मी सुट्टीवर आलो तो त्यानंतर. कुडाळला गाडीतून उतरलो, रिक्षा करून थेट मावशीकडे. तिने मला मिठी मारली तेव्हा मला तिची मनगटं दिसली. दोन्हीवर होडीच्या दोराचे वळ. जेरीच्याही.

"ह्या काय?"

मग जेरीने मला सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं. दुपारी ते एकमेकांना बांधतात. मावशीची पाळी आली की जेरी धरतो, जेरीची आली की मावशी. मी हसलो नाही. पण विश्वास ठेवला असंही नाही. मावशीने माझ्यासाठी सुरमई तळली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. ऊन पडलं होतं. मावशी मला विचारत होती, बोटीवर पोटभर जेवायला मिळतं का. जेरी माशाचा काटा काढत होता.

दोघांचे हात थांबले.

दोघांनी मान वर केली. एकदम. कौलांकडे.

"ओ," मावशी म्हणाली आणि जेरी म्हणाला. एकाच श्वासात. त्यांचा आवाज एकमेकात मिसळला आणि तिसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

मला दोनच हात आहेत. मी मावशीला धरलं तर जेरी दाराशी पोचला. जेरीला धरलं तर मावशी खिडकीकडे वळली. मी ओरडलो, शिव्या घातल्या, पाया पडलो. शेवटी दाराला अडसर घालून त्याला पाठ लावली आणि दोघांना जमतील तसे कवेत धरले. त्यांची तोंडं माझ्या तोंडासमोर होती. मला ओळखत नव्हती. मावशीच्या ओठाला अजून भाताचं शीत होतं.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सैल पडल्यावर जेरी भिंतीला टेकला आणि म्हणाला, "चौकोन काढल्यान कोणीतरी."

त्या गेममध्ये एक सोय आहे. एकेकाला टिचकी मारत बसायला नको. माउस दाबून चौकोन ओढला की चौकोनातली सगळी माणसं एकदम निवडली जातात. मग पाणी दाखवलं की सगळी एकदम पाण्यात.

सुट्टी संपली. कागदावर सही केलेली होती, जहाज कोणासाठी थांबत नाही. शेवंती म्हणाली, मी रोज दुपारी येऊन बसेन, तू जा. मी गेलो. रोज फोन करायचो, मावशी बोलायची, म्हणायची, आसो रे आमी, भियाव नको.

परवापासून फोन लागत नाही.

तिकडे वादळ आहे, तारा तुटल्यात, बातम्यांत सांगतायत. शेवंतीचाही लागत नाही. गावात कोणाचाच लागत नाही. मग वादळच असणार. वादळच असेल.

मी हे माझ्या केबिनमधून लिहितोय. लॅपटॉप समोर आहे. गेम उघडा आहे. खाडीकाठी ती बसली आहे, गुडघ्यांवर हात ठेवून. मावशी बसते तशीच.

टिचकी मारली की मला कळेल. मुकी असेल तर गेली. ओ आली तर जिवंत आहे. एक टिचकी फक्त.

पण ओ आली, तर तिकडे ती मान वर करेल. आणि तिला आत्ता कोणी धरलंय की नाही, मला माहीत नाही.

माझं बोट माउसवरून मी काल काढलं, आज काढलं. उद्या काढेन की नाही, सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे असा गेम असेल, ज्यात खाडीकाठची बाई तुम्हाला झिला म्हणते, तर मी तुमच्या पाया पडतो. पुसून टाका. पुसवत नसेल तर राहू दे. पण तिला हात लावू नका. तिला काम सांगू नका. लाकूड नको, मासळी नको, किल्ला नको.

बसली आहे ना?

बसू दे तिला.